एकशेपंचवीस मिलिमीटर: महाड, पोलादपूर आणि आंबेनळी

माझा नवरा विनय गाडीतून उतरायचा, मी स्पीडब्रेकर ओलांडायचे, तो पुन्हा बसायचा. कर्वेनगर ते बाणेर या आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर हे रोज चार वेळा व्हायचं. गाडी दोन दारांची, लाल, सेकंड हँड. आधीच्या मालकाने ती इतकी खाली बसवली होती की चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोट जात नसे. दोघं बसलो की स्पीडब्रेकरवर खालून घासायची. मला ती तशीच आवडली होती. वर्षभर विनय असाच उतरत-चढत राहिला. मग डिसेंबरात एका सकाळी पुन्हा आत बसताना म्हणाला, "विकून टाक."

ओळखीच्या टायरवाल्याने महाडच्या याकूबभाईंचं नाव दिलं. त्यांनी मस्कतच्या गॅरेजमध्ये पंधरा वर्षं अशाच गाड्यांचे शॉकअप बसवले होते. विनय सोबत यायला तयार झाला, पण अट घातली. काम झालं की पोलादपूर आणि आंबेनळी घाट करून पुण्याला परतायचं. याकूबभाईंच्या गॅरेजमधून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत गाडी घासते म्हणून त्याला एकदाही उतरावं लागलं, तर सोमवारी विक्रीची जाहिरात. मी कबूल झाले.

शनिवारी सहाला निघालो. ताम्हिणीचा रस्ता आता बराच चांगला आहे. मात्र गावांमधले स्पीडब्रेकर घरांसमोर अचानक येतात. माणगावला हायवे लागेपर्यंत विनय सहा वेळा उतरला. हायवेवर एकदाही नाही. महाडला साडेदहाला पोचलो. स्टँडजवळ खिमा-पाव खाल्ला, दोघांचे एकशेऐंशी.

याकूबभाई साठीचे. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "जमिनीपासूनची उंची कुणी मोजली?"

"मी," मी म्हटलं. "पंच्याण्णव मिलिमीटर."

"आत कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग ती रिकाम्या गाडीची उंची. मॅडम, रिकामी गाडी कुठं जाते? तुम्ही बसल्याशिवाय जागची हलते काय?"

मला फक्त पुढची बाजू उचलून हवी होती. गाडीचं नाक घासतं अशी माझी खात्री होती. याकूबभाईंनी वाद घातला नाही. बादलीत चुना कालवला आणि गाडीखाली झोपून ब्रशने नाकापासून सायलेन्सरपर्यंत फासला. वाळेपर्यंत चहा झाला. टाकी भरून आणायला लावली, आमची बॅग मागे ठेवायला लावली, विनयला माझ्या शेजारी बसवलं.

"चवदार तळ्याला फेरी मारून बाजारातनं या. साहेबांना उतरवू नका."

गाडी तीन वेळा घासली. तिन्ही वेळा विनयने माझ्याकडे पाहिलं नाही.

परत आल्यावर ती जॅकवर चढवून याकूबभाईंनी मला खाली बोलावलं. नाकाचा चुना जसाच्या तसा होता. मधल्या पाइपावरचा चुना पार उडाला होता, आणि त्याखालचा पत्रा चमकत होता.

"नाक वाचवताय आणि पोट घासताय," ते म्हणाले. "एकशेपंचवीस करा. पुढून-मागून सारखी. माणसं, पेट्रोल, सामान धरून."

"एकशेबारा," मी म्हटलं. एकशेपंचवीसला चाकावर तीन बोटांची फट दिसते. तशा फटीची गाडी मी विकत घेतली नसती.

"गाडी तुमची हाय," याकूबभाई म्हणाले आणि आकडीच्या पान्याने स्प्रिंगखालची, उंची ठरवणारी रिंग फिरवू लागले.

असं काम करून घेणार असाल तर दोन गोष्टी विसरू नका. उंची बदलली की अलाइनमेंट नव्याने करावी लागते, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या. सगळं मिळून चार हजार झाले. महाडला साधा, स्वच्छ लॉज चौदाशेला मिळाला.

रविवारी सकाळी निघालो ते पोलादपूरवरच्या एका वाडीत जेवायला. सुमनताई पाहुण्यांना घरचं जेवण करून घालतात. आदल्या दिवशी फोन करावा लागतो. माणशी अडीचशे. वाडीकडे चढणारा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, काँक्रीटचा. अर्ध्यावर मोरी लागली आणि तिच्या पाइपावर घातलेला उंचवटा. मी तिरकी घेऊन पाहिली. पोटाखालून लांबलचक आवाज आला. मी थांबले.

सुमनताई शेळ्या घेऊन वरून येत होत्या. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं.

"उतरव की गो त्याला. दोन पावलं चालला तर काय झिजंल त्याचं?"

"त्याला उतरवायचं नाहीये."

"पायाला लागलंय काय?"

"नाही," विनय आतून म्हणाला. "पैज आहे."

"मग बस रे बाबा बसून. जेवण हितंच आणून देते."

शेळ्या आमच्या दोन्ही बाजूंनी गेल्या. विनयचा हात दाराच्या कडीवर होता. तो हसत नव्हता, जिंकल्यासारखाही दिसत नव्हता. उतरायची त्याला सवय झाली होती, एवढंच.

"बस," मी म्हटलं.

मी गाडी मागे घेतली. वळवायला जागा मिळेपर्यंत, साधारण दोनशे मीटर, उतारावर, आरशात बघत.

"मागं चाललीस गो?" सुमनताईंनी ओरडून विचारलं.

"महाडला जाऊन येते. दोन वाजतील."

"मग भाकऱ्या तवाच टाकते."

याकूबभाईंनी गाडी आत घ्यायला लावली. पान्याकडे हात नेत म्हणाले, "साहेबांना आत बसू द्या. बॅग पण राहू दे." एकशेपंचवीस. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा हेडलाइट. पैसे फक्त अलाइनमेंटचे घेतले.

दोनला आम्ही ती मोरी ओलांडली. आवाज आला नाही. कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, कच्चा कांदा. सुमनताईंना निकाल ऐकायचा होता. "अजून घाट राहिलाय," विनय म्हणाला. त्यांनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

आंबेनळीसाठी उजेडात निघा. रस्ता अरुंद आहे, वळणावर समोरून एसटी आली की थांबावंच लागतं, आणि पावसाळ्यात दरडी येतात. गाडी वळणात पूर्वीपेक्षा किंचित झुकत होती. ते मला जाणवलं; नाकारणार नाही. पण खड्डा चुकवायला मी एकदाही समोरच्या गाडीच्या बाजूला गेले नाही. आधी कुठल्याही घाटात जायचे. प्रतापगडाच्या फाट्यावर चहा घेतला, गाडीतच. पुढे महाबळेश्वर, पसरणीचा घाट, वाई. नऊला घरी. विनय पार्किंगमध्ये उतरला.

रोज चालवायच्या स्पोर्ट्‌स कारसाठी माझा आकडा एकशेपंचवीस. तुमचा वेगळा येईल. मात्र रोज जितकी माणसं बसतात तितकी बसवून मोजा. पार्किंगमध्ये गाडी आता साधी दिसते. चाकावर तीन बोटं जातात आणि ती फट मला अजूनही आवडत नाही.

मंगळवारी सकाळी विनयने किल्ली मागितली. ही गाडी त्याने कधी चालवली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं. मी डावीकडे बसले. दार आपल्या इतकं जवळ असतं आणि रस्ता इतका वर येतो, हे मला माहीत नव्हतं. पहिला स्पीडब्रेकर दिसला तसा माझा हात कडीकडे गेला.

"बस," तो म्हणाला.