हसनमियाँच्या ट्रेलरची कमान

लोहाराच्या दाराशी मोडकं लोखंड साठतं, तसं हसंही साठतं. लोखंड निदान मोडीत जातं. हसं कोण घेणार? ते गावभर फुकट फिरतं आणि फिरून आपल्याच दाराशी येऊन बसतं!

आमचं दुकान रेवदंड्याला, रस्त्याला लागून. कोयते, विळ्या, नांगराचे फाळ. आमच्या ह्यांनी मनात घेतलं की आता मोटरचं काम करायचं. चौथी शिकलेली घरात मीच, म्हणून पाटी मी रंगवली: 'येथे मोटरचे काम खात्रीने होईल.' 'खात्रीने' हा शब्द ह्यांनी घालायला लावला. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त तोच बोचला.

मोटरवालं गिऱ्हाइक एकच, हसनमियाँ. त्यांची लॉरी, आणि तिच्यामागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर. बंदरावरची मासळी भरून रेवसला जायची. ट्रेलरच्या दोन्ही चाकांशी पोलादी पट्ट्या, लांब, मग आखूड, मग त्याहून आखूड, अशा रचून मधे आवळलेल्या. ती कमान. खड्ड्यात ती लवते आणि माल शाबूत राहतो. ती बिघडली की मला तोंड लपवायला जागा शोधावी लागायची.

*

पहिल्यांदा लांब पट्टी मोडली. ह्यांनी नवी घडवली, लाल केली आणि कोयत्याला देतात तसं कडक पाणी दिलं. कोयता कडक लागतो, कमान लवायला लागते, हे आमच्या डोक्यातच नाही!

बघायला माणसं जमलेली. हे म्हणाले, "मियाँ, वर चढून बघा. हत्ती उभा केला तरी मोडायची नाही."

मियाँ छत्री टेकत चढले. कट्ट! ट्रेलर एका अंगाला बसला आणि मियाँही बसले.

उठून त्यांनी पट्टीचे दोन्ही तुकडे उचलले आणि मला विचारलं, "भाबी, हा पापड तळायचा का भाजायचा?"

मी जी आत गेले ती दिवेलागणीलाच बाहेर आले.

*

मग ह्यांनी एका बाजूची कमान जरा जास्तच उंच केली. ट्रेलर उभ्या उभ्या कलायला लागला. मासळीच्या टोपल्या सगळ्या एका कडेला!

चूक कबूल करतील तर ते हे कसले! म्हणाले, "मुद्दाम केलंय. रस्ता समुद्राकडे उतरता आहे, म्हणून समुद्राची बाजू उंच ठेवली."

मियाँचा ड्रायव्हर दामू, कोळीवाड्यातला. तो डोकं खाजवत म्हणाला, "उस्ताद, जाताना समुद्र डावीकडं हाय. येताना उजवीकडं येतो. तवा त्याला उचलून इकडं ठेवू काय?"

*

कमान करकरते म्हणून दामूने स्वतःच्या अकलेने तिला तेल घातलं. होडीच्या फळ्यांना लावतात ते, मुशी माशाच्या काळजाचं! त्याचा वास तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात.

दुसऱ्या दिवशी अलिबागेत ट्रेलर उभा राहिला आणि गावातली झाडून सगळी कुत्री त्याच्याखाली. एक चाटतंय, दुसरं त्याला चावतंय. मियाँ आल्यावर सांगतात, "भाबी, माल वर आणि गिऱ्हाइक खाली!"

तेल दामूचं, पण नाव झालं लोहाराचं. विहिरीवर शेजारीण म्हणाली, "पाटीवर 'खात्रीने' लिहिलंस ते बरं केलंस गं. फजितीची खात्री असली की माणूस वेळ काढून बघायला येतो."

"तुझी विळी बोथट होऊ दे, मग बघते तुला!" असं मी तिथल्या तिथे सुनावलं. पण दुसऱ्या दिवसापासून भर उन्हात पाण्याला जायला लागले. तेव्हा विहिरीवर कोणी नसतं.

*

ते तेल धुवायला दामूने ट्रेलर खाडीत घातला. बैल धुतात तसा, काथ्याने घासून! खारं पाणी पट्ट्यांमधे शिरलं, गंज धरला, सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आणि कमानीची झाली नुसती पहार.

नेमकं तेव्हाच एका लग्नाच्या बायकांना ट्रेलरमधून चौलहून आणलं. वरमाय उतरली ती कंबर धरूनच. भर रस्त्यात ह्यांना म्हणाली, "लोहारदादा, मी आले. माझी हाडं मागच्या वळणावर सांडलीत. पुढच्या खेपेला ती तेवढी आणा."

वऱ्हाड हसलं. आमचे हेसुद्धा हसले! मला मात्र धरणी फाटेल तर बरं असं झालं.

*

शेवटी मियाँनी सांगून टाकलं, "उस्ताद, बस्स. ह्या खेपेला बिघडली तर ट्रेलर दुरुस्तीला अलिबागला नेणार. परत इथे आणायचा नाही."

मियाँ गेले की मोटरचं काम गेलं, आणि ह्यांची उरलीसुरली पतही. ह्या वेळी ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पट्टी तेलात विझवली, परत मंद आचेवर धरली, निळसर झाल्यावर थांबले. मी घण मारला. पट्ट्यांची भोकं जुळवायला जाडसा खिळा हवा होता, म्हणून ह्यांनी लॉरीला ट्रेलर अडकवायची लोखंडी पिन काढून घेतली आणि तिथे तात्पुरती लाकडी खुंटी घातली. कमान बसली. ट्रेलर भरला. कमान हवी तेवढीच लवली!

दामू गेला. कमान टिकू दे म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. तो फोडायला हातोडा दिसेना. ऐरणीवर पिन पडलेली, तिनेच फोडला.

संध्याकाळी लॉरी दाराशी थांबली. आधी मियाँ उतरले. मागून दामू, मान खाली.

हे पुढे झाले. "मोडली?"

"मोडली का टिकली, मला काय माहीत?" मियाँ म्हणाले. "ह्याला विचार."

दामू पुटपुटला, "रेवसपातुर मागून आवाजच न्हाय, उस्ताद. मी वाटेत भेटंल त्याला सांगत ग्येलो, काय कमान क्येली हाय आमच्या उस्तादांनी!"

पिन अजून ऐरणीवरच पडलेली होती. मी ती पदराखाली घेतली.

ह्यांनी हात जोडले. "मियाँ, एवढी एक डाव माफी. ट्रेलर अलिबागला नेऊ नका."

"नेतो कशाला?" मियाँ म्हणाले. "आधी सापडू दे!"