चढावर बंद पडणारी लॉरी

बसवनगुडीतल्या चढावर आप्पांची लॉरी मागे घसरली आणि फुलांची गाडी घेऊन उभ्या असलेल्या बाईचं मनगट मोडलं, तेव्हा मी जवळच्याच शाळेत सातवीच्या मुलींना भूगोल शिकवत होते. शिपाई वर्गात येऊन हळूच सांगून गेला. मी पोचले तोवर बाईला रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. रस्ताभर शेवंती पडली होती, आणि माझे वडील मडगार्डला टेकून समोर येईल त्याला एकच सांगत होते, "इंजिन बंद पडलं. ब्रेकवर पाय होता माझा. इंजिनच बंद पडलं."

त्या लॉरीची खोड मला माहीत होती. तीनेक आठवड्यांपासून तिचं असंच चाललं होतं. पळताना काही नाही, पण कुठे थांबायला वेग कमी केला की दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. आणि इंजिन थांबलं की ब्रेक इतका घट्ट होई की नेहमीच्या दुप्पट जोर लावावा लागे. एरवी आप्पा बंगळूरच्या कुठल्याही गर्दीतून विटांनी भरलेली ती लॉरी अलगद काढत. मारतहळ्ळीच्या पलीकडून विटा आणायच्या आणि कोरमंगलात नवी घरं उठत होती तिथे टाकायच्या, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम.

पोलिसांनी कागदपत्रं पाहिली आणि गॅरेजातून इंजिन तपासल्याची चिठ्ठी आणायला सांगितलं. संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. बाई मला ओळखत होती, आई असताना आमच्याकडे रोज तिचाच गजरा येई. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती म्हणाली, "अक्का, लॉरी वेगात नाही आली. हळूहळू मागे सरकत होती. मी दोनदा ओरडले. मला वाटलं, आता थांबवतील."

हळूहळू. तो शब्द मी घरी घेऊन आले.

आप्पांना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या ते मनात आलं तर घेत. अलीकडे त्यांच्यासोबत बसून जाताना मी एक गोष्ट पाहिली होती, ते गिअर टाकायच्या आधी खाली वाकून आपल्या पायांकडे बघत. तीस वर्षं लॉरी चालवणारा माणूस पेडल कुठे आहे ते डोळ्यांनी शोधत होता. मी तेव्हा काही बोलले नव्हते.

कलासीपाळ्यातल्या गॅरेजचे मेस्त्री आप्पांच्याच वयाचे होते. कन्नड बोलणारे, कमी बोलणारे. दोन दिवस त्यांनी लॉरी सोडली नाही. डिझेलचे फिल्टर बदलले, टाकी उतरवून धुतली, नोझल काढून तपासले, इंजिनाचा हळू फिरण्याचा वेग स्क्रू पिळून थोडा वाढवला. मग लॉरी सुरू करून तासभर तशीच ठेवली. ती अजिबात थांबली नाही. पेल्यातलं पाणी हलणार नाही इतकी शांत फिरत राहिली.

"अण्णा, इंजिनात मला काही दिसत नाही," मेस्त्री हात पुसत म्हणाले.

"मग मी खोटं बोलतोय?"

"तसं कोण म्हणतंय? दिसत नाही एवढंच म्हणालो."

तिथेच मी ते बोलले. बोलायचं ठरवून आले नव्हते. "आप्पा, तुमचा पाय... पाय नीट ठेवला गेला नसेल. तुम्हाला कळलं नसेल."

मेस्त्री उगाच पाने आवरायला लागले. आप्पा म्हणाले, "तुझ्या आईला बाळंतपणाला याच पायांनी नेलं मी, गुडघाभर पाण्यातून." एवढं बोलून ते गॅरेजाबाहेर जाऊन उभे राहिले. घरी येताना बसमध्ये ते दुसऱ्या बाकावर बसले. त्या रात्री जेवताना त्यांनी वाढून घेतलं स्वतःच, मला मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेस्त्रींनीच शाळेत फोन केला. "अक्का, लॉरी इथे रिकामी उभी आहे, सपाटीवर. तेव्हा ती भरलेली होती आणि चढावर होती. रिकामी तपासून काय उपयोग? उद्या विटा भरून तिथेच नेतो. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भर दुपारी रस्ता मोकळा असतो म्हणून ती वेळ निवडली. मेस्त्रींनी डिझेल ज्या नळीतून इंजिनाच्या पंपाकडे जातं तिचा एक तुकडा कापून तिथे पारदर्शक नळी जोडली होती, सलाइनला असते तशी. मागच्या चाकांखाली जाडजूड ठोकळे लावले. ते स्वतः स्टिअरिंगवर बसले, मला उघड्या बॉनेटपाशी नळीकडे बघत उभं केलं. आप्पा मागे ठोकळ्यांपाशी थांबले.

"बुडबुडा दिसला तर हात वर करा," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

पहिल्यांदा नुसतं पिवळसर डिझेल सरकताना दिसत होतं. मग मोहरीएवढा एक बुडबुडा गेला. मग दोन, मग त्यांची माळच लागली. मी हात वर केला, तेवढ्यात इंजिनाने आचका दिला, दुसरा दिला आणि थांबलं. उघड्या दारातून मेस्त्रींचे दोन्ही पाय मला दिसत होते. एक ब्रेकवर, एक क्लचवर.

ते उतरून लॉरीखाली शिरले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सरी, बरोबर! सापडलं." टाकीकडून येणारी नळी एका पट्टीखाली घासून चिरली होती, केसाएवढी. लॉरी भरली आणि चढावर उभी राहिली की सांगाडा किंचित वाकायचा, चीर उघडायची आणि नळी डिझेलबरोबर हवा ओढायची. वेगात तेवढी हवा खपून जायची, हळू फिरताना इंजिन तिथेच मरायचं. बाहेर डिझेलचा थेंब गळत नव्हता, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

"अण्णा, तुमचं खरं होतं," मेस्त्री लॉरीखालूनच ओरडले.

आप्पा मागून पुढे आले. किती दिवसांनी त्यांची मान सरळ झालेली मी पाहत होते. चेहरा उजळला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि माझी नजर खाली गेली. त्यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती मागच्या चाकापाशी, पंधरा पावलांवर पडली होती. एप्रिलचं डांबर इतकं तापलं होतं की मला चपलेतूनही चटका लागत होता. आप्पा अनवाणी पायावर निवांत उभे राहून मेस्त्रींनी खालून काढून दिलेली चिरलेली नळी निरखत होते.

मी जाऊन चप्पल आणली आणि त्यांच्या पायापाशी ठेवली. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "निघाली वाटतं," एवढंच म्हणाले.

मेस्त्रींनी नळी बदलली. लॉरी आप्पांनीच चालवत परत नेली आणि मी त्यांना अडवलं नाही. त्यांचा तो दिवस माझ्याने मोडवला नाही. सबंध रस्ता मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते. आजही मला तो माझा भित्रेपणा वाटतो. अजून कुणाला काही झालं असतं तर?

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळव्याला फोड आले. मी डॉक्टरांचं नाव काढताच ते भडकले. "इंजिनात सापडलं, तरी तुला माझ्यातच शोधायचंय?"

"दोन्हीत असू शकतं ना, आप्पा."

आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. मी लॉरीची किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली, आणि त्यांनी ती मागितली नाही. शेवटी एका सकाळी ते स्वतःच शर्ट घालून तयार होऊन बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि टाचणीने तळवा टोचला. आप्पा वाट बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "टोचा ना आता."

डॉक्टरांनी टाचणी कधीच खाली ठेवली होती.

लॉरी एका ओळखीच्या ड्रायव्हरने घेतली. मेस्त्रींची चिठ्ठी पोलिसांनी ठेवून घेतली आणि प्रकरण तिथेच मिटलं. फुलवालीचं मनगट जुळलं, पण वाकडं. गजरा गुंफताना ती मधेच थांबून हात झटकायची. आप्पा तिच्याकडून फुलं आणायला स्वतः जात आणि तिच्यासमोर इंजिनाचा विषय कधी काढत नसत.

दोनेक वर्षांनी, मी त्यांच्या पायाची जखम पुसत असताना, काही विचारलेलं नसताना ते बोलले. "त्या दिवशी ब्रेकवर पाय होता असं मी सगळ्यांना सांगितलं. असावा. पण मला तो लागत नव्हता गं. पायाखाली काहीच लागत नव्हतं."

मी बोळा बदलला आणि पाय पुसत राहिले.