धुण्याचा दगड

माघातला रविवार, वीस वर्षांपूर्वीचा. हजर: आत्या, माझी बहीण सुमन आणि मी. आज धुण्याच्या साबणाचा वास आला आणि आमच्या चारठाणा गावच्या झाडीतली, जुन्या मूर्तींमधून जाणारी पायवाट आठवली.

तिथं एका दगडी बाईची मूर्ती कमरेखालचीच उरली होती. तिच्या कमरपट्ट्याची नक्षी पाहून आत्यानं तिच्यावरून बोट फिरवलं.

"अगं, ही नक्षी आपल्या धुण्याच्या दगडाच्या कडेला हाय!"

"काय बी बोलायलीस, आत्या," सुमन हसली.

घरी येऊन आम्ही तो दगड उलटा केला. चिखलाखाली हसरा चेहरा होता. रोज मी त्या बाईच्या पाठीवर कपडे आपटत होते.

"मी हाय तवर तिला तिच्या पायांपाशी नेऊन ठेवा गं," आत्या म्हणाली. मी लगेच माझ्या कामांच्या यादीत लिहिलं आणि काम झाल्यासारखं वाटलं.

आत्या आता अंथरुणाला खिळली आहे. मी यादी दरवर्षी नव्या वहीत उतरवते. पहिली ओळ अजून तीच आहे: दगड नेणे.