उतारा मिळणेबाबत

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या अक्काला तर वाचनालयाचीही चढता येत नव्हती. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले आणि भरपाई म्हणून तोंड चौघींचं मिळालं. आम्ही जळगावात मेहरूणच्या बाजूला राहायचो. हातानं दांडा फिरवून चालवायची तीनचाकी सायकल तिच्याकडे होती. बाजार, शिवणाचा क्लास, सगळं ती त्यावरच करायची. उन्हाळ्यात दांड्याला हात लावायची सोय नसे, म्हणून त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती.

वाचनालयाला मात्र नऊ दगडी पायऱ्या. ते सांभाळणारे आबा म्हणायचे, "पायऱ्यांनी इमारतीला रुबाब येतो." रुबाब यायचा, अक्का खालीच राहायची. दर शनिवारी ती पाच पुस्तकांची यादी करायची, पायऱ्यांशी सायकल लावायची आणि मला वर पिटाळायची. मी तेव्हा कॉलेजात. मी दोन पुस्तकं आणायचे आणि उरलेली बाहेर गेलीत म्हणून सांगायचे. "या गावात एवढं वाचतं तरी कोण?" असं ती पुटपुटायची. एकदा म्हणाली, "मला पुस्तक नकोच. मला कपाट बघायचंय. नको असलेलं पुस्तक काढायचं, दोन पानं वाचायची, परत ठेवायचं. तुला नाही कळायचं." तेव्हा मला खरंच कळलं नाही.

तर पायऱ्यांच्या कडेनं सायकल चढेल असा उतार मागायचं ठरलं. इमारत ज्या कचेरीच्या ताब्यात होती तिथं अर्ज द्यायचा. माझं अक्षर बरं आणि विषय मराठी, म्हणून लेखणी माझ्या हातात आली. पण 'उतार' हा शब्द मला फारच किरकोळ वाटला. उतार काय, तापालाही पडतो. सरकारी कागदावर शब्दाला वजन हवं, म्हणून मी पदरचा एक काना घातला आणि ठसठशीत लिहिलं, "विषय : वाचनालयास उतारा मिळणेबाबत."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर उतारा तलाठी कार्यालयातून प्राप्त करून घ्यावा.

अक्कानं ते तीनदा वाचलं. "तू सातबारा मागितलास. वाचनालयाची काय केळीची बाग आहे?" मी म्हटलं, कचेरीत कुणाला मराठी येत नाही त्याला मी काय करू. आई धुळ्याकडच्या खेड्यातली, घरात अहिराणीच बोलायची. तिनं नुसतं 'उतारा' ऐकलं. "उतारा काढना व्हता ते माले सांगनं व्हतं," म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा नि लिंबू अक्कावरून ओवाळून चौकात ठेवून आली. हा उतारा तेवढा बिनाअर्जाचा मिळाला.

मी दुसरा अर्ज केला. चांगला सविस्तर केला, पण काना तसाच ठेवला. काढला असता तर चूक माझी ठरली असती ना. त्याचं उत्तर आलं की गट नंबर नमूद नाही.

मग अक्का म्हणाली, आता मीच जाते. गेलो, तर कचेरीलाही पाच पायऱ्या. अक्कानं खालूनच अशी हाक दिली की तिथले कारकून भाऊसाहेब फाइल घेऊन बाहेर आले आणि पाचही पायऱ्या उतरून तिच्यापाशी उभे राहिले. माणसानं पायरी सोडली म्हणून आनंद झाला तो तेव्हाच. त्यांनी सायकल बघितली, अर्ज बघितला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्हाला उतार हवाय. मग उतारा कोणी लिहिलं?" अक्कानं फक्त माझ्याकडे बघितलं. भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढून काना खोडला. एका कान्यापायी सहा महिने गेले होते. त्या दिवसापासून अक्का मला 'कानबाई' म्हणायला लागली. आमच्या खान्देशात श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते, त्यामुळे आईला वाटायचं, थोरली धाकटीला किती मान देते.

मंजुरी आली आणि काम चाचांकडे गेलं. चाचा म्हणजे वाचनालयामागच्या केळीच्या वखारीजवळ राहणारे मुसलमान गवंडी. आबांनी त्यांना बजावलं, "सायकलस्टँडची जागा जाता कामा नये." त्यामुळे झाला तो उतार कसला, घसरगुंडीच. अक्का अर्ध्यावर गेली, दंड थकले, आणि सायकल उलटी येऊन भाजीच्या गाडीवर आदळली. लागलं नाही कुणाला, पण कोथिंबिरीचं वाटोळं झालं. मी हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी थापी खाली ठेवली, अक्काला पायरीवर बसवायला मला सांगितलं आणि पाय आखडून स्वतः सायकलवर बसले. दोनएक हात अंतर चढले नि अडकले. खाली येऊन घाम पुसत म्हणाले, "आबा, मी दिवसभर दगड उचलतो, मला नाही जमलं. वखारीत केळीची गाडी चढवायला आम्ही याच्या तिप्पट लांब फळी लावतो. बेटीला केळीएवढी तरी जागा द्या." दुसऱ्या दिवशी सायकलस्टँड निंबाखाली हलला आणि चाचांनी आपलंच काम फोडून लांबलचक, वळण घेणारा उतार बांधला.

महिनाभरात पायऱ्यांवर चिटपाखरू दिसेना. कडेवर पोर घेतलेल्या बाया, पेपरवाला, गुडघे धरलेले म्हातारे, सगळे उतारावरूनच यायचे. आबाही तिथूनच यायचे. कुणी बघितलं तर म्हणायचे, "पाहणी करतोय."

उतार झाला त्या पहिल्याच शनिवारी अक्का एकटी वर गेली होती. मी मागोमाग गेले, थोडं अंतर ठेवून. ती कपाटांवरून हळूहळू बोट फिरवत आतल्या खोलीपर्यंत पोचली. मला वाटलं आता रडणार, म्हणून मी रुमालसुद्धा काढून ठेवला. तिनं खालच्या फळीवरून एक पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं, अशी पाच. धूळ उडायला लागली तसा मी रुमाल परत आत कोंबला, कारण नावं माझ्या ओळखीची होती. सगळी तिच्या याद्यांमधली. बाहेर कोपऱ्यावर बर्फगोळ्याची गाडी असायची, मैत्रिणी थांबलेल्या असायच्या. मी दारापाशी टेबलावर पडलेल्या पुस्तकांत यादीतली दोन मिळाली की उचलायचे आणि परत फिरायचे. आतल्या खोलीत मी कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

अक्कानं एकेक पुस्तक मागून उघडलं. तारखेचा शिक्का मारायचा कागद प्रत्येकात कोरा होता.

"कानबाई," ती म्हणाली, "गावानं फारच वाचली गं ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पाचही पुस्तकांची नोंद करून घेतली, मांडीवर रचली आणि उतारावर आली. सायकल धरायला मी मागून हात लावला.

"काढ हात," ती म्हणाली. "माझी मी नेते."