बदरूचा पास

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी शिंपी. शारजात रोल्ला नावाच्या भागातल्या वडाजवळ माझं दुकान होतं आणि पलीकडच्या वाळूत दर जुम्म्याला सामने व्हायचे. मी बघायला जायचो ते फक्त बदरुद्दीन परकारसाठी. तो माझ्या खोलीत राहायचा.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा पिण्याचं पाणी गाढवावरून यायचं आणि घरचं पत्र आलं तर ते सगळी खोली वाचायची. मी श्रीवर्धनचा, बदरू दाभोळच्या खाडीकडचा. दिवसभर गोदामात गोण्या उचलायचा आणि संध्याकाळी फुटबॉल खेळायचा. हाफ होता. आताची पोरं मिडफिल्डर म्हणतात. मागच्याकडून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. गोल दुसऱ्याचा, कौतुक दुसऱ्याचं आणि धाप मात्र याला.

त्याची स्वतःची अशी टीम कधी नव्हतीच. कुणाचा खेळाडू आजारी पडला किंवा मुलखाला गेला की याला बोलावणं यायचं. एक मोसम दुबईच्या बँकवाल्यांकडे, मग इराणी दुकानदारांकडे, मध्येच उम्म अल कुवैनच्या कोळ्यांकडे. मूळ खेळाडू परतला की बदरू शर्ट धुऊन, घडी घालून परत द्यायचा. ते शर्ट त्याच्या अंगाबरहुकूम आत घ्यायचो मी आणि परत देताना उसवायचोही मीच. मैदानात कुणी त्याला ‘हिंदी’ म्हणे, कुणी ‘हबीबी’. नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मीही त्याला परकारच म्हणायचो. बदरू म्हणणारी माणसं तिकडे गावी, दाभोळच्या खाडीकाठी राहिली होती.

तुम्ही म्हणाल, आपल्या कोकणी पोरांची टीम नव्हती का? होती ना. कप्तान खैरुद्दीन, तोही बदरूच्याच गावचा. पण हाफची जागा त्यानं आपल्या मेहुण्याला दिलेली. हा मेहुणा कसा धावायचा, तर लुंगी सुटेल की काय अशा बेतानं. मी खैरुद्दीनला तोंडावर विचारलं, परकारला का घेत नाहीस? तर म्हणे, घेऊ, इन्शाल्ला. हे इन्शाल्ला मला चांगलं ठाऊक आहे. शिलाई मागितली की गिऱ्हाइकं मला हेच ऐकवतात.

मग एका कंत्राटदार कंपनीच्या टीमनं बदरूला बोलावलं. तिचा मॅनेजर जमाल, मोजकं बोलणारा आणि शब्दाचा पक्का. त्यानं सांगितलं, या जुम्म्याचा सामना जिंकलो तर तू कायमचा आमचा. स्वतःचा शर्ट, टीमच्या पोरांबरोबर कंपनीच्या खोलीत खाट आणि सगळ्यांचं जेवण एका थाळ्यात. त्या थाळ्याचं बदरूनं मला इतक्या वेळा सांगितलं की मी वैतागलो. आमच्या खोलीत ज्याची त्याची पाळी वेगळी, त्यामुळे तो एकटाच भिंतीकडे तोंड करून जेवायचा. शर्ट माझ्याकडे देताना म्हणाला, “या वेळी टाके पक्के घाल. उसवायचा नाही.”

सामना होता कोकणी टीमशी. ऊन कलायला आलं तरी कुणाचाच गोल नव्हता. बदरू त्या दिवशी जीव ओतून खेळला, हे मलासुद्धा कळलं. शेवटी शेवटी आपल्याच गोलपुढे त्याला चेंडू मिळाला. आजूबाजूला कोणी नव्हतं, लाथ मारून लांब धाडायचा की झालं. तेवढ्यात पाठीमागून हाक आली, “बदरू, मना दे रे.”

खाडीकाठचाच सूर. बदरूनं बघितलंही नाही. गर्रकन वळला आणि पास दिला, इतका सरळ, इतका हलका की घेणाऱ्याला पाय नुसता लावायचा होता. खैरुद्दीननं लावला. गोल झाला.

खैरुद्दीन पुढे शपथेवर सांगायचा की सवयीनं तोंडातून गेलं. माझा विश्वास नाही.

जमाल ओरडला नाही. त्यानं फक्त हात पुढे केला. “खलास, हबीबी.” बदरूनं मैदानातच शर्ट काढला, घडी घातली आणि दिला. कंपनीच्या पोरांची खात्री की हा आपल्या मुलखाच्या माणसांना विकला गेला. आणि मुलखाची माणसं? ती खैरुद्दीनकडे बिर्याणी खायला गेली. बदरूला कोणी बोलावलं नाही, कारण तो म्हणे आपल्याविरुद्ध खेळला. माझं डोकं असं फिरलं की मीही गेलो नाही.

बदरू वडाखाली गंजीफ्रॉकवर बसला होता. कुणालाही चेंडू देतोस का, डोळे फुटले होते का, असं मी त्याला खूप बोललो.

“नावानं हाक मारली रे,” तो म्हणाला. “इथं आल्यापासून मैदानात कुणी मारली नव्हती. मग कोण मारतंय ते बघायचं राहूनच गेलं.”

त्यानंतर कुठल्याच टीमनं त्याला बोलावलं नाही. तो उम्म अल कुवैनला निघून गेला, कोळ्यांची जाळी दुरुस्त करायला. त्याची खाट रिकामी झाली आणि खोलीत मला करमेनासं झालं. पुढल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचे लग्नाचे कपडे पोचवायला मी तिकडे गेलो, तर किनाऱ्यानं खांद्यावर जाळं घेऊन तो पुढे चाललेला दिसला. इतकी वर्षं परकार म्हणत आलो, त्या दिवशी मुद्दाम हाक मारली, “बदरू.”

तो वळला नाही. मी पुन्हा मोठ्यानं हाक मारली. आता तो थांबला, पण पाठ तशीच. शेवटी वाळूतून धापा टाकत मीच पळत गेलो आणि त्याच्या पुढ्यात उभा राहिलो. त्यानं माझा चेहरा नीट न्याहाळला आणि मग हसला.

“तू होय,” म्हणाला. “रागावू नको. आता मी आधी तोंड बघतो, मगच ओ देतो.”