बारावा नियम

हे मी आजवर कुणाशीही बोललेले नाही. अविनाशशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशीसुद्धा नाही, आणि आमच्या लग्नाला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. एकदा बोलणार होते. जयपूरहून परत येत होतो, मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, आणि मी सुरुवातही केली – ‘अरे, फरीदाबादला एक गृहस्थ होते...’ तो म्हणाला, ‘हं?’ आणि मी म्हटलं, काही नाही, पुढे ढाबा दिसला तर थांबू या, चहा घेऊ. त्या ‘हं’च्या पुढे मी कधी गेले नाही. आज जाते.

कुठून सुरू करू? ओमपालजींपासूनच करायला हवं, पण त्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका, थोडंच आहे.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी दिल्लीतल्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझा विषय होता फझी लॉजिक. यंत्राला आकड्यांपेक्षा माणसासारखं ‘थोडं गरम’, ‘बऱ्यापैकी गरम’, ‘फारच गरम’ असं समजावून त्यावरून काम करायला लावायचं. पण ‘बऱ्यापैकी’ कुठे संपतं आणि ‘फारच’ कुठे सुरू होतं? ते कोण ठरवणार? तिथे माझी पद्धत यायची, कमाल एन्ट्रॉपीची. नाव अवघड आहे, अर्थ साधा आहे. जेवढं ठाऊक आहे ते सगळं हिशेबात घ्यायचं, आणि जे ठाऊक नाही तिथे आपल्या मनाचं काही घुसडायचं नाही. तिथे सगळ्या शक्यता सारख्या मोकळ्या ठेवायच्या. मला ती पद्धत आवडायची, कारण ती प्रामाणिक होती. हो, हाच शब्द मी प्रबंधाच्या प्रस्तावनेत वापरला आहे. प्रामाणिक.

ही पद्धत खऱ्या यंत्रावर चालवून दाखवायची होती. आमच्या सरांच्या ओळखीने फरीदाबादचा एक कारखाना मिळाला. तिथे गाड्यांचे लोखंडी सुटे भाग भट्टीत तापवून कठीण करत. भट्टी तेलावर चालणारी, जुनी. आणि ती भट्टी सांभाळणारे ओमपालजी.

पन्नाशीचे असतील. उंच, किंचित वाकलेले, भुवयांचे केस कडेने करपलेले. बल्लभगढला राहायचे, सायकलने यायचे. मी बदरपूर बॉर्डरपर्यंत बसने आणि पुढे टेम्पोने जायची, आठवड्यातून तीन दिवस. मी वही घेऊन त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायची आणि विचारायची, आत्ता तेल का कमी केलंत? हवा का वाढवलीत? ते हसायचे. त्यांना असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. तापलेल्या लोखंडाच्या रंगांना त्यांची स्वतःची नावं होती – गाजर, संतरा, पकी हुई ईंट. मी ती सगळी लिहून घेतली. आई माझ्याबरोबर त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू द्यायची. ते एक खायचे आणि बाकीचे रुमालात बांधून घरी न्यायचे. ‘हमारी सुमित्रा पूछती है, मैडम जी की माताजी इसमें डालती क्या हैं?’ सुमित्रा म्हणजे त्यांची बायको.

त्यांच्या सांगण्यातून मी अकरा नियम तयार केले. तापमान असं असेल आणि असं बदलत असेल तर तेल एवढं, हवा एवढी. अकरा नियम, आणि मधल्या मोकळ्या जागांसाठी माझी पद्धत. कागदावर फार सुंदर दिसत होतं ते.

मग एके दिवशी – मी निघायच्या बेतात होते, वही पिशवीत टाकली होती – ते म्हणाले, थांबा, एक राहिलं. म्हणाले, तापमान उतरायला लागलं की तुमचं यंत्र तेल वाढवणार, बरोबर? मी म्हटलं, हो. ‘पहले आवाज़ सुनना, मैडम जी.’ ज्योत जळत असते तेव्हा भट्टी घुमते. घुमणं थांबलं म्हणजे ज्योत विझली. मग तापमान उतरतंय म्हणून तेल वाढवायचं नाही, लगेच बंद करायचं. नाहीतर तेल तापलेल्या विटांवर पडत राहतं, त्याची वाफ कोंडते, आणि एकदम भडका उडतो.

मी वही परत काढली आणि लिहून घेतलं. ते वाकून बघत होते. ‘लिख लिया?’ मी म्हटलं, ‘लिख लिया.’

आणि मी तो नियम घातला नाही.

का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते, त्यात बचाव नाही. आवाज मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. ज्योत विझल्याचं ओळखणारं उपकरण मिळत होतं, पण मागवून, बसवून, सगळं पुन्हा तपासून घेण्यात आणखी सहा-आठ महिने गेले असते. माझ्याबरोबरची दोघं प्रबंध देऊन मोकळी झाली होती. आणि अकरा नियमांवर माझं सगळं नीट बसलं होतं. सरांशी मी या बाराव्या नियमाबद्दल बोललेच नाही. कच्च्या वहीवरून पक्की वही उतरवताना ते पान मी उलटलं आणि पुढे गेले. जे मला ठाऊक होतं, ते मी ठाऊक नसलेल्यात टाकून दिलं. माझी पद्धत नेमकं हेच करू नका म्हणून सांगते – हे मला तेव्हा कळलं नव्हतं का? कळलं होतं.

यंत्र बसलं. उत्तम चाललं. मालक खूश, सर खूश. ओमपालजींना भट्टीवरून काढून शेडच्या दुसऱ्या टोकाला तयार माल निवडायला बसवलं. भट्टीपाशी आता नुसतं लक्ष ठेवायला एक माणूस पुरत होता. मी गेले की ते लांबून हात करायचे.

जानेवारीतली सकाळ होती. तुम्हाला दिल्लीकडची थंडी माहीत असेल. तेल थंडीने घट्ट झालं होतं, ते गरम करणारी कॉइल बंद पडली होती, आणि बर्नरची ज्योत विझली. तापमान उतरू लागलं. यंत्राने, म्हणजे मी त्याला शिकवलं होतं तसं, तेल वाढवलं. आणखी उतरलं, आणखी वाढवलं. जवळ उभ्या असलेल्या माणसाला काही समजलं नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला, हातोड्यांच्या नि मशीनच्या गोंगाटात, ओमपालजींना ते घुमणं थांबलेलं ऐकू आलं. ते ओरडत धावत आले. त्या माणसाला त्यांनी ढकलून बाजूला केलं आणि तेलाचा व्हॉल्व फिरवला. तो पुरता बंद व्हायच्या आत भडका उडाला.

जीव वाचला. चेहऱ्याची डावी बाजू आणि दोन्ही हात भाजले. आणि कानाचे दोन्ही पडदे गेले.

मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. दारातून पाहिलं आणि परत आले. लाडू नेले होते, ते तसेच परत आणले. आईला सांगितलं, झोपले होते.

महिन्याभराने चौकशी झाली. कारखान्याच्या ऑफिसात – एक सरकारी इन्स्पेक्टर, मालक, आमचे सर आणि मी. मालकांचं म्हणणं असं, की ओमपालने स्वतःची जागा सोडली, चालू यंत्रात हात घातला, त्यामुळे हे झालं. सर मान हलवत होते. पक्की वही टेबलावर होती, मीच आणून दिली होती. कच्ची वही घरी, माझ्या कपाटात.

ओमपालजी आले. हातांना पट्ट्या होत्या. सुमित्राजी बरोबर होत्या. इन्स्पेक्टर विचारायचा, त्या तोंड कानाशी नेऊन ओरडून सांगायच्या, आणि ते उत्तर द्यायचे – तेही मोठ्याने, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तसं. व्हॉल्व का फिरवला? ‘आवाज़ बंद हो गई थी, साब.’ ही गोष्ट कुणाला सांगितली होती का?

ते हसले. खरंच हसले – काळजीच मिटली, असं. पट्टी बांधलेला हात माझ्याकडे केला.

‘मैडम जी को बताई थी। इन्होंने लिखी भी थी। पूछ लो।’

सगळे माझ्याकडे वळले. किती वेळ गेला असेल? दोन श्वास, तीन? त्या वेळात माझ्या डोक्यात काय होतं, हे मी पुढे अनेकदा आठवून पाहिलं. भीती होती, पण गोंधळ नव्हता. मला ते पान अक्षरासकट दिसत होतं. हो म्हटलं तर काय काय जाईल, याचा विचारसुद्धा मी त्या दोन-तीन श्वासांत शांतपणे केला.

‘मुझे याद नहीं,’ मी म्हटलं.

सर म्हणाले, वहीत तर असं काही नाही. इन्स्पेक्टरने पानं चाळली आणि वही मिटली.

ओमपालजींना मी काय म्हटलं ते ऐकू आलं नव्हतं. ते अजून हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते. सुमित्राजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. त्या काय बोलल्या ते मी पाहिलं नाही. मी टेबलाकडे बघत होते.

त्यांची नोकरी गेली. चूक त्यांचीच ठरली, म्हणून भरपाईही मिळाली नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे रद्दीवाला आला, तेव्हा मी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात कच्ची वही घातली. त्याने ती तोललीसुद्धा.

अजून एक सांगायचं आहे, तेही सांगते. चौकशीनंतर मीच सुचवलं, की ज्योत विझल्याचं ओळखणारं उपकरण बसवावं. ते बसवलं. मग मी बारावा नियम लिहिला. अपघातावरून मला सुचलेली सुधारणा, अशा शब्दांत तो माझ्या प्रबंधात आहे. परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं. ओमपालजींचं नाव प्रबंधात कुठेही नाही. बाबांनी क्वार्टरच्या सगळ्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले.

पुढे सगळं चांगलंच होत गेलं. नोएडात नोकरी, नंतर गुरुग्रामला मोठी. लग्न, मुलगी. यंत्रांच्या सुरक्षिततेवर मी भाषणं देते – हसू नका.

चौकशीनंतर सहा वर्षांनी मी बल्लभगढला गेले. पत्ता कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून मिळवला होता. सांगूनच टाकायचं, असं ठरवून गेले होते. गल्लीत शिरताना तेच शब्द जुळवत होते.

ओमपालजी दारात बसून खाटेची दोरी विणत होते. हातांची कातडी ताणलेली, बोटं नीट मिटत नव्हती, तरी विणत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. ‘अरे, मैडम जी!’ अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, आणि आत बघून म्हणाले, चहा ठेव, लवकर. मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसले. मग आपणहोऊन तो विषय काढला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. इतकं वाचायचं-लिहायचं असतं तुम्हाला, कुणाच्या लक्षात राहणार? ‘भूल गई होंगी। मैं तो सबसे यही कहता हूँ – मैडम जी झूठ नहीं बोलतीं।’

सुमित्राजी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. कसं म्हणून विचारू नका, चौकशीच्या दिवशी त्या ऑफिसात त्यांच्या जागी मी असते, तर माझ्या चेहऱ्याकडे बघून मलाही कळलं असतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

मी बोलायला तोंड उघडलं. ओमपालजी कानामागे हात धरून पुढे वाकले, मान हलवत म्हणाले, नाही ऐकू येत. मला ओरडावं लागणार होतं. शेजारच्या बायका दारांत येऊन बघत होत्या.

सुमित्राजी हळू आवाजात म्हणाल्या, ‘मुझसे कह दो, मैडम जी। मेरी आवाज़ पकड़ लेते हैं। जो भी कहना हो, मैं कान में कह दूँगी।’

याहून सोपं कुणी काय करून द्यायचं असतं?

मी म्हटलं, ‘कहिए, अपनी तबीयत का ख़याल रखें।’

त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटतं, आणखी काही येतंय का ते बघत होत्या. मग त्या वाकल्या आणि मी म्हटलं होतं तेवढंच त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं. ओमपालजींचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. बोटं सरळ होत नव्हती, म्हणून तळवे नीट जुळले नाहीत.

मी चहा संपवला आणि निघाले. त्यानंतर दोन की तीन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. सुमित्राजी तिथेच राहतात, असं त्या जुन्या माणसाने सांगितलं, पत्ता तोच. मेट्रो आता थेट बल्लभगढपर्यंत जाते. मी गेलेले नाही.