कानशीनं बसवलेली मेमरी

धूर निघाला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "पंखा तापला असंल."

पंख्याला असला वास येत नाही. प्लॅस्टिक जळत होतं, आणि ते सुनेच्या कॉम्प्युटरच्या पोटात जळत होतं. समोर खाटेवर मुरगूडचे पाहुणे चहाची बशी धरून बसले होते. त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका त्याच डब्यात होती. पहिली पत्रिका रविवारी जोतिबापुढं ठेवल्याशिवाय ते बाकीच्या वाटणार नव्हते.

"झालं व्हय?" पाहुण्यांनी विचारलं.

"झालं की," मी म्हणाले. "आता राखच काढायची."

सून घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करायची. हे काम तिनं नवऱ्याशी भांडून मिळवलं होतं, आणि त्यानं अट घातली होती की एकदा जरी गिऱ्हाईक परत गेलं तर मशीन विकायचं. हल्ली लोकांना रंगीत गणपती हवा, भोवती फुलांची महिरप हवी. एवढं सगळं घेतलं की मशीन अडून बसायचं. मेमरी कमी पडते, आणखी एक पट्टी घालायला हवी, असं तिनं सांगितलं. ती स्वतः जाऊन आणणार होती.

"तुला त्यातलं काय कळतंय? मी आणतो," म्हणून मुलगा गेला. जुनी पट्टी बघायची तसदीही त्यानं घेतली नाही. दुकानात "नवीन आलीय, भारी हाय" एवढं ऐकलं आणि घेऊन आला.

जुन्या पट्टीला दातांच्या बाजूला दोन खाचा होत्या. नवीला एकच, तीही भलत्या जागी. मी चौथी शिकलेली बाई, मलाही दिसलं.

"अहो, ही ह्यातली न्हाय. बदलून आणा," सून म्हणाली.

पण तो शिरोली एमआयडीसीत फिटर. त्या लोकांना एक रोग असतो. एखादी वस्तू बसत नाही, हे त्यांना कुणी सांगायचं नसतं. घरातल्या मिक्सरला त्यानं कसलासा बोल्ट ठोकून बसवला होता आणि वर्षभर येईल त्याला तो दाखवत होता. मिक्सर तेव्हापासून बंदच होता.

"बसत न्हाय म्हंजी काय? जरा कानस मारली की बसतंय."

आणि मारली. पोळपाटावर पट्टी धरून त्यानं तिच्या सोनेरी दातांतून नवी खाच पाडली. अंगठ्यांनी दाबली, कट्‌ असा आवाज आला, बटण दाबलं. पुढचं सांगितलंच आहे.

पाहुणे उठले. "मग आमी दुसरीकडं बघतो."

"उद्या सांजच्याला या, पावणं. पत्रिका मिळंल," सून म्हणाली.

"कशी मिळंल? भंगारात घालू आता ते," मुलगा म्हणाला.

"तू आधी गप बस," मी म्हणाले.

सकाळी आम्ही दोघी रिक्षातून राजारामपुरीत गेलो. डबा तिच्या मांडीवर. जुनी पट्टी रुमालात, ब्लाऊजच्या अस्तराला रंग जुळवायला कापड नेतात तशी. दुकानदारानं पट्ट्या ज्यात बसतात तो जळका बोर्ड काढून तसलाच एक वापरलेला बसवला, आणि जुनीसारखी दोन खाचांची नवी पट्टी दिली. पत्रिका ज्यात साठवलेली असते तो भाग वाचला होता.

घरी दोन्ही पट्ट्या बसवल्या. पडदा काळा, आणि आतून टीं टीं.

"बघ. म्या काय म्हटलं हुतं?" मुलगा दारातून म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं.

"कानस आणतोस का परत?" मी विचारलं.

सुनेनं वर बघितलं नाही. दोन्ही पट्ट्या काढल्या. जुनी एकटी लावली, टीं टीं. नवी एकटी लावली आणि पडदा उजळला. जुनी पट्टी काल बोर्डाबरोबरच गेली होती.

म्हणजे राहिली एकच पट्टी. मशीन महिरपीवर पुन्हा अडायला लागलं. तिनं महिरप उडवली, गणपतीचे रंग काढले.

पाहुणे सांजच्याला आले. कागद लांब धरून म्हणाले, "गणपती एकरंगी?"

"जोतिबाला चालतोय," सून म्हणाली.

त्यांनी पत्रिका पिशवीत घातली. मशीन विकायची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही.

मुलगा आता चारचौघांत सांगतो की एकदा मशीन जळालं होतं, ते त्यानं चालू केलं. जाळलं त्यानं. चालू केलं सुनेनं. मी तिथंच बसले होते.